बोलण्याची नोकरी, दुखरा जबडा

पाठीला पट्टा बांधून कामावर आलेल्या माणसासाठी कुणीतरी खुर्ची पुढे करतं. हात गळ्यात अडकवून आलेल्याला कुणी जड गठ्ठे उचलायला सांगत नाही. जबडा दुखणाऱ्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही. सूज नसते, प्लॅस्टर नसतं, आणि माणूस बोलताना तर दिसत असतो. शाळेतल्या बाई एकामागून एक तास घेतात. कॉल सेंटरमधली मुलगी एक फोन संपला की पुढचा उचलते. बँकेच्या खिडकीवरचा माणूस काचेपलीकडच्यांना तेच ते समजावत राहतो आणि वकील उलटतपासणीत तास तास उभा असतो. या सगळ्यांच्या कामाचं मुख्य अवजार जबडा आहे, पण अवजार म्हणून त्याची काळजी कुणी घेत नाही.

मला इथे एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. जबड्याचं दुखणं जुनाट झालं की कामाच्या जागी केलेले छोटे बदल हा उपचाराचाच एक भाग होतो. आधी पूर्ण बरं व्हायचं आणि मग कामावर जायचं, असा क्रम या दुखण्यात बहुतेकांना परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. हे बदल मागायला आपल्या कायद्यातही आधार आहे, तो पुढे पाहू.

हा सांधा कुठे असतो हे बहुतेकांना तो दुखेपर्यंत ठाऊक नसतं. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे दोन्ही बाजूंना बोटं टेकवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली काहीतरी गोलसर पुढे सरकल्याचं जाणवेल. ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक. कानशिलाच्या हाडातल्या खोबणीत ते बसतं आणि मध्ये चिवट ऊतीची एक पातळ चकती असते. तोंड थोडंसं उघडताना हे टोक जागच्या जागी फिरतं. आणखी उघडायचं झालं की ते चकतीसकट खोबणीतून खाली आणि पुढे घसरतं. कोपराला अशी दुहेरी चाल नाही. त्यातही डावा आणि उजवा हे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे दुखऱ्या पायाला आराम देऊन दुसऱ्यावर भार टाकावा तशी सोय इथे होत नाही. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये बसतात का, हे घरच्या घरी पाहता येतं.

डॉक्टर या दुखण्याला टीएमडी म्हणतात. हे एका रोगाचं नाव नाही, अनेक तक्रारींचं एकत्र गाठोडं आहे. कुणाचे गालातले आणि कानशिलावरचे चावण्याचे स्नायू दुखतात. कुणाची चकती जागेवरून सरकते आणि तोंड उघडताना कट्‌कन आवाज होतो. कुणाची सरकलेली चकती परत जागेवर येतच नाही आणि तोंड दोन बोटांवर अडकून राहतं. कुणाच्या सांध्याची झीज झालेली असते. सगळ्यांत जास्त आढळतं ते स्नायूंचं दुखणं. ते कानात, दातांत, कपाळात, मानेत पसरतं. म्हणून कित्येक रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतात आणि काही जण चांगल्या दाताचं रूट कॅनलही करून बसतात. नुसता आवाज येत असेल, पण दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्याला उपचार लागत नाही. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण त्या आवाजाच्या धास्तीनेच काही जण दिवसातून पन्नासदा जबडा हलवून पाहतात आणि खरं दुखणं ओढवून घेतात.

या विकाराकडे वैद्यकानं कसं पाहिलं, त्याचा इतिहास रुग्णांना बराच महागात पडला. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञानं कानातला आवाज, चक्कर, डोकेदुखी आणि जबड्याचं दुखणं यांची सांगड घातली आणि दात पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, हे त्याचं कारण सांगितलं. त्याची शरीररचनेची मांडणी पुढे टिकली नाही. पण दातांचा चावा चुकला की सांधा बिघडतो, ही समजूत कित्येक दशकं राहिली. तिच्यापोटी निरोगी दात घासून कमी केले गेले, कॅप बसवल्या गेल्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत सरकलेल्या चकतीच्या जागी ह्यूस्टनच्या विटेक कंपनीची प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची कृत्रिम चकती बसवायची लाट आली. चावण्याच्या दाबाखाली तिचे कण सुटले, शरीरानं त्यांच्यावर हल्ला चढवला आणि त्यात आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९०च्या अखेरीला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा द्यावा लागला. विस्कॉन्सिनमध्ये १९८६ साली रुग्णांनीच सुरू केलेली टीएमजे (म्हणजे जबड्याचा सांधा) असोसिएशन या पोळलेल्या लोकांचा आवाज बनली. आज कुणी पहिल्याच भेटीत दात घासायची किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेची भाषा केली, तर थांबून दुसरं मत घ्यावं, असं मी म्हणते ते या इतिहासामुळे.

आजची समज वेगळी आहे. अमेरिकेत ‘ओपेरा’ नावाच्या मोठ्या अभ्यासात १८ ते ४४ वयाच्या, जबड्याचं दुखणं नसलेल्या हजारो लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. वर्षाला शंभरातल्या सुमारे चार जणांना हे दुखणं नव्याने सुरू झालं. कुणाला होईल याचा अंदाज दातांच्या ठेवणीपेक्षा इतर गोष्टींवरून चांगला बांधता येत होता: आधीपासून अंगात दुसरी दुखणी आहेत का, झोप कशी आहे, मनावर ताण किती आहे, तोंडाच्या सवयी काय आहेत. नव्याने सुरू होण्याच्या प्रमाणात स्त्री-पुरुषांत फार मोठा फरक दिसला नाही. पण जुनाट दुखणं घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांत बायकांची संख्या कितीतरी जास्त असते. म्हणजे दुखणं सुरू दोघांचंही होतं, बायकांचं ते मुरतं जास्त. यात संप्रेरकांचा वाटा असेल, पण घरी आणि कामावर ‘होईल बरं’ म्हणत दुखणं रेटत राहण्याचा वाटा नाहीच, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

दुखणं महिनोन्महिने राहिलं की मज्जासंस्था हळवी होते. आधी न दुखणारा स्पर्श, न दुखणारा घास दुखू लागतो. एक्स-रे किंवा एमआरआय स्वच्छ आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ‘तुझं सगळं डोक्यात आहे’ हे वाक्य अशा रुग्णाला किती वेळा ऐकावं लागतं! वेदना मेंदूतच उमटते, जळलेल्या बोटाचीही आणि जबड्याचीही. म्हणून ती कमी खरी होत नाही.

तोंड कमी उघडतंय म्हणजे टीएमडीच, असं मात्र आपल्याकडे धरून चालू नये. महाराष्ट्रात गुटखा, मावा आणि सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर ताठर होत जाणारा विकार खूप दिसतो. तिखट खाल्लं की आग होते, गालाचा आतला भाग पांढुरका आणि राठ होतो, मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था ठरू शकते. राज्यानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तरी हे रुग्ण थांबलेले नाहीत. चालताना, जिना चढताना जबड्यात दुखून आलं आणि थांबल्यावर ओसरलं, किंवा छातीत दडपण आणि घामासोबत जबडा दुखला, तर दंतवैद्याची वाट न पाहता हृदयासाठी तातडीनं दवाखाना गाठायचा. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशिल दुखू लागलं, घास चावता चावता जबडा दमू लागला, केस विंचरताना डोकं दुखू लागलं, तर तो रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. त्यात वेळेवर उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाऊ शकते. ताप, वाढती गाठ, चेहऱ्याला बधिरपणा यांनाही थांबायचं नसतं.

तपासणीसाठी दंतवैद्यकातल्या ओरल मेडिसिन किंवा मुखशल्य विभागात जावं. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, इथे हे विभाग आहेत आणि खर्चही आवाक्यातला असतो. बऱ्याच आरोग्यविम्यांत दंतवैद्याकडच्या बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे मिळत नाहीत, हे ध्यानात घेता ही माहिती जवळ असावी.

उपचारांचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट टीएमडीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. दोनशेहून अधिक चाचण्यांचा ताळेबंद त्यांच्या मागे होता. त्यांत ज्यांची ठाम शिफारस झाली ते उपचार ऐकायला फार साधे वाटतात: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, त्यांच्या हातून सांध्याची आणि स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींची हाताळणी, घरी करायचा व्यायाम आणि मालीश, दुखण्याची नीट समजूत, आणि कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे दुखण्याभोवतीचे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन. दातांच्या ठेवणीत कायमचे बदल करणारे स्प्लिंट, चकती काढून टाकायची शस्त्रक्रिया, आणि अफूजन्य वेदनाशामकांची दाहशामक गोळ्यांशी जोडी, यांच्या विरोधात तितकीच ठाम भूमिका घेतली गेली. रात्री घालायच्या काढता-घालता येणाऱ्या गार्डबाबत त्यांचं मत सौम्यपणे विरोधातच गेलं. तरी झोपेत दात खाणाऱ्याचे दात झिजू नयेत म्हणून गार्ड उपयोगी असतो आणि काहींना त्यानं आराम पडतो. त्यानं सांधा बरा होईल, अशी आशा मात्र लावून बसू नये.  

ही यादी परत वाचली तर लक्षात येतं की यातलं बहुतेक काही नुसत्या दवाखान्यात पुरं होत नाही. आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टकडे अर्धा तास जातो. बाकीचा वेळ जबडा कामावर असतो, आणि तिथे तो काय करतो यावर सगळं अवलंबून असतं.

सगळ्यांत मोठा भार बोलण्याचा किंवा खाण्याचा असतो असं वाटतं, पण बहुधा तो गप्प बसलेल्या वेळेचा असतो. एरवी ओठ मिटलेले असतात तेव्हा वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसायला हवेत, त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट हवी. दात टेकावेत ते घास चावताना आणि गिळताना, एरवी नाही. संगणकावर ताळेबंद जुळवताना, सुईत दोरा ओवताना, गर्दीतून दुचाकी काढताना कित्येक जण नकळत दात आवळून बसतात. फार जोरानं आवळायचीही गरज नसते. हलकासा, पण तास तास टिकलेला स्पर्श स्नायूंना दमवायला पुरतो. यावरचा उपाय असा: ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथे टेकतं तिथे ते ठेवायचं, ओठ मिटलेले, दात सुटे, गाल सैल. ही जबड्याची विसाव्याची जागा. अडचण एवढीच की आवळलेले दात आपले आपल्याला कळत नाहीत. म्हणून संगणकाच्या पडद्याच्या कडेला, फोनवर, गाडीच्या वेगाच्या काट्यापाशी एखादा रंगीत ठिपका चिकटवायचा. नजर पडली की दात तपासायचे, सोडायचे, खांदे खाली आणायचे. शिक्षिकेला फळ्याच्या कोपऱ्यात असा ठिपका काढता येतो. हे करायला साहेबांची परवानगी लागत नाही, म्हणून इथूनच सुरुवात करावी.

दुपारच्या डब्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण तो चारचौघांत सोडवावा लागतो. दुखणं चाळवलं असेल तेव्हा मोठा घास, कडक पदार्थ आणि फार वेळ चावणं या तिन्ही गोष्टी टाळायच्या असतात. वडापाव दोन बाजूंनी त्रास देतो: तोंड मोठं उघडावं लागतं आणि पाव ओढून तोडावा लागतो. ऑफिसात वाढदिवसाला तो आला की नाही म्हणणं किती जड जातं, हे ज्याला त्यातून जावं लागलंय त्याला विचारा. गार झालेली ज्वारीची भाकरी, चिक्की, चकली, कच्चं गाजर, मक्याचं कणीस हे काही दिवस दूर ठेवावेत. मुगाची खिचडी, गुरगुट्या भात, सांजा, उकडपेंडी, आमटीत कुस्करलेली पोळी, उकडलेला बटाटा, मऊ शिजवलेला मासा, दहीभात यांवर डबा चांगला निभतो. सफरचंद पातळ कापून आणायचं. च्युइंगगम, सुपारी आणि जेवणानंतर उगाच चघळत राहायची बडीशेप बंद. पण केवळ मऊ खाण्यावर महिनोन्‌महिने राहणंही बरं नाही. न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि चावण्याची भीती मनात पक्की बसते. दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे परत यायचं. इथे मागायची सोय छोटीशी असते: जेवायला वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं, डबा गरम करायची व्यवस्था, शेकायची पिशवी ठेवायला एक कोपरा.

बोलण्याच्या भाराबद्दल एक जुनं निरीक्षण फार उपयोगी आहे. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये दाखवून दिलं की भोवताली गोंगाट वाढला की माणूस न ठरवता, आपोआप आवाज चढवतो. आवाज चढला की तोंडही जास्त उघडतं आणि स्नायू जास्त आवळले जातात. पंख्यांची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा गजर, यांच्यावर मात करत साठ मुलांना शिकवणाऱ्या बाईंना ‘जरा हळू बोला’ असं सांगून काहीच होत नाही, त्यांचं शरीर ते ऐकणारच नाही. त्यांना छोटा माइक आणि कमरेला लावायचा स्पीकर द्यायला हवा. शिक्षकांच्या घशासाठी अशा यंत्रांचा फायदा सिद्ध झालेला आहे आणि जबड्यालाही त्याच कारणानं आराम मिळायला हवा. कॉल सेंटरमध्ये बाहेरचा आवाज अडवणारा चांगला हेडसेट हेच काम करतो. फोन मान वाकवून खांद्यावर दाबायची सवय त्यानं सुटते, हा आणखी एक फायदा.

यापुढचा बदल वेळापत्रकाचा. दुखऱ्या जबड्याची दिवसाची कुवत महिन्याच्या किराण्यासारखी असते: पहिल्या आठवड्यात सगळं संपवलं तर उरलेल्या दिवसांत हाल होतात. सलग चार तासिका घेण्याऐवजी दोन, मग वह्या तपासायची तासिका, मग पुन्हा दोन. सलग फोनऐवजी दर तासाला काही मिनिटं चॅटवरची किंवा ईमेलची कामं. तोंडी आढाव्याऐवजी आठवड्याचा लेखी अहवाल. बैठकीत मुद्दे आधी लिहून पाठवायचे आणि बोलायचं ते मोजकं. दुखणं भडकलेल्या दिवशी घरून काम किंवा फोनविरहित काम. फिजिओथेरपीच्या दिवशी तास-दीड तास उशिरा येऊन संध्याकाळी भरून काढायची मुभा. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीला येईल असा उंच करणं, म्हणजे हनुवटी पुढे काढून बसावं लागत नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात. कामही कमी होत नाही, ते दिवसात वेगळं मांडलं जातं.

आता हे मागायचं कसं? इथे बरेच जण दोन टोकांना जातात. काही जण काहीच सांगत नाहीत आणि एक दिवस अचानक आठवड्याची रजा टाकतात. काही जण साहेबांसमोर सगळी वैद्यकीय कहाणी मांडतात, ऐकणारा हळहळतो आणि काहीही बदलत नाही. साहेबांना चकतीची जागा कळून उपयोग नाही. त्यांना कामातली नेमकी अडचण आणि तिच्यावरचा नेमका उपाय कळायला हवा. त्यासाठी आधी दोन-तीन आठवडे एक साधी नोंद ठेवावी: दिवसाची कुठली वेळ, आधी काय काम केलं, दुखणं शून्य ते दहात किती, तोंड किती बोटं उघडलं, कशानं उतरलं. आपल्याला वाटत असतं एक आणि वही सांगते दुसरंच, असं पुष्कळदा होतं. मग अर्ज लिहावा, आणि तो लेखीच असावा. त्यातला मजकूर साधारण असा: ‘मला जबड्याच्या सांध्याचा दीर्घकालीन विकार आहे आणि उपचार चालू आहेत. सलग चाळीस मिनिटांहून अधिक बोलल्यावर वेदना वाढतात आणि पुढच्या तासांतल्या कामावर परिणाम होतो. माझं नेमून दिलेलं काम मी पूर्ण करू शकते. त्यासाठी पुढील तीन बदलांची विनंती करते. सहा आठवड्यांनी त्यांचा उपयोग होतो का, हे एकत्र बसून पाहावं.’ तीनच बदल मागावेत, सर्वांत जास्त उपयोगाचे. शेवटचं वाक्य गाळू नये. ठरावीक मुदतीनं पाहू म्हटलं की वरिष्ठाला होकार देणं सोपं जातं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचंही तसंच. ‘टीएमडी, सात दिवस विश्रांती’ एवढ्यानं काही साधत नाही, सात दिवसांनी तुम्ही पुन्हा त्याच खुर्चीत असता. डॉक्टरांना विनंती करावी की रुग्णाला काय करता येतं, काय किती वेळ करता येत नाही आणि हे किती महिने चालेल, असं लिहा. बहुतेक डॉक्टर ते आनंदानं लिहून देतात, कुणी मागत नाही म्हणून राहून जातं. सगळे रिपोर्ट कचेरीत द्यायची गरज नाही. ही एक चिठ्ठी पुरेशी असते.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण इथे खोटी आशाही वाईट आणि नाहक निराशाही वाईट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या परिशिष्टात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत जबड्याच्या सांध्याच्या विकाराचं नाव नाही. त्यामुळे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारं आरक्षण या वाटेनं जाऊन बहुतेकांच्या हाती काही लागणार नाही. पण त्याच कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनविषयक उणीव, जी भोवतालच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीनं वावरू देत नाही, ती या व्याख्येत येते. आणि ‘वाजवी सोय’ म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न टाकता केलेले आवश्यक आणि योग्य बदल, अशी स्वतंत्र व्याख्याही तिथे आहे.

या दोन व्याख्यांना प्राण मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा जुनाट विकार होता. त्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांत बसत नाही, म्हणून त्याला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सांगितलं गेलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, वाजवी सोय त्या टक्केवारीला बांधलेली नाही. ही सोय प्रत्येक माणसागणिक वेगळी ठरते, त्याच्याशी बोलून ठरवायची असते, आणि तिची जबाबदारी सरकारबरोबर खासगी संस्थांवरही येते, असंही त्या निकालात आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या, पण ठरावीक कामाला लागलं की दुखणाऱ्या माणसाचा हा खटला होता. जबड्याच्या रुग्णानं तो वाचावा तो त्यासाठी.

सरकारी नोकरीत कायद्याचं कलम २० थेट लागू होतं: दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव नाही, वाजवी सोय द्यायची, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढून टाकायचं किंवा पदावनत करायचं नाही. शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. समान संधीचं धोरण जाहीर करणं कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयीसुविधांचा उल्लेख आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असायला हवी. ते धोरण कुठे आहे, असं मनुष्यबळ विभागाला शांतपणे विचारणं ही चांगली सुरुवात असते. पुढे दाद मागायची झाली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथपर्यंत जावं लागू नये अशीच कुणाचीही इच्छा असणार, आणि लेखी अर्ज, तारखा, मिळालेली उत्तरं जपून ठेवली तर बहुधा जावं लागत नाही.

अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी माणसांना याहून स्पष्ट वाट आहे. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज कायद्यात २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. खाणं, बोलणं, झोपणं, लक्ष एकाग्र करणं ही जीवनातली मुख्य कामं म्हणून त्यात नोंदवली आहेत, आणि अधूनमधून उफाळणारा विकार उफाळलेला असताना किती अडवतो, हे पाहायचं असतं. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला तो लागू होतो आणि मालकानं कर्मचाऱ्याशी चर्चा करून तोडगा काढायचा असतो. जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही तिथली सेवा दोन्ही बाजूंना मोफत सल्ला देते. ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट बारा महिने किंवा त्याहून जास्त टिकणाऱ्या, रोजच्या कामांत बरीच अडचण आणणाऱ्या विकारांना वाजवी बदलांचा हक्क देतो.

कागदावर हक्क असला तरी मागायची भीती खरी असते. परिविक्षेवर असलेली मुलगी, अकरा महिन्यांच्या करारावरचा प्राध्यापक, कंत्राटदारामार्फत आलेला कर्मचारी, यांना ‘दुखतं तर सोडा’ हे उत्तर मिळायची धास्ती असते आणि ती उगाच नसते. अशांना माझा सल्ला असा की दुखण्याचं नाव न घेता मिळणाऱ्या गोष्टी आधी घ्याव्यात. हेडसेट, पडद्याची उंची, तासिकांची अदलाबदल, लेखी अहवाल या गोष्टी कुणीही मागू शकतं. तासिका बदलून घेणारी एक सहकारी मैत्रीण पुष्कळदा कायद्याच्या कलमापेक्षा लवकर कामी येते. आणि वर्गाला माइक हवा अशी मागणी सगळ्या शिक्षकांनी मिळून केली, तर ती कुणा एकीच्या आजाराची राहत नाही.

ज्यांना वरिष्ठच नाही त्यांचं काय? खासगी शिकवण्या घेणाऱ्या बाई, कीर्तनकार, सूत्रसंचालक, बाजारातला विक्रेता यांना आपली सोय आपणच करावी लागते. शिकवणीत समजावलेला धडा एकदा ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या तुकडीला ऐकवता येतो आणि बाई फक्त शंका सोडवतात. कीर्तनकारानं लागोपाठच्या दोन रात्रींची निमंत्रणं न घेता मध्ये एक दिवस सोडावा आणि ध्वनिक्षेपकावर जोर न लावता बोलावं. आपल्या शहरांतल्या हातगाडीवाल्यांनी आणि भंगारवाल्यांनी आरोळी रेकॉर्ड करून छोट्या भोंग्यावर लावायला केव्हाच सुरुवात केली आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड उघडून ओरडण्याचं त्यांचं काम त्या एका यंत्रानं वाचवलं. काही हजार रुपयांचा तसाच संच शाळेच्या वार्षिक खर्चात बसतो, आणि पुढच्या जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी तो मागून ठेवता येतो.